आरए फॅक्टर निगेटिव्ह, एक्सरे नॉर्मल, पण बोटं सुजलेली: थांबून बघायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय ३४, बाई, गेले नऊ आठवडे दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सकाळी आखडलेली असतात, मोकळी व्हायला तास-दीड तास जातो, सकाळी पहिली पावलं टाकताना तळव्याच्या पुढच्या भागात खडे टोचल्यासारखं होतं. आरए फॅक्टर (र्‍हुमॅटॉइड संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, हातांचा एक्सरे नॉर्मल. पेनकिलर घेतली की बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले तीन-चार महिने बघू, नाही थांबलं तर स्पेशालिस्टकडे पाठवतो. पुढच्या वर्षी मूल हवंय. तर आत्ता जायलाच हवं का, की गेले तर उगाच आयुष्यभराच्या गोळ्या मागे लागतील?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. ताई, आत्ता जा. तीन महिन्यांनी नाही, या पंधरवड्यात अपॉइंटमेंट मिळत असेल तर या पंधरवड्यात. आणि तुमच्या डॉक्टरांवर चिडू नका, कारण त्यांच्याकडे रोज सांधे दुखणारे जे लोक येतात त्यातल्या बहुतेकांना "बघू" म्हणणंच बरोबर असतं. तुमचं वर्णन त्या बहुतेकांमधलं नाहीये, एवढंच.

मी रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधे सुजण्याच्या आजारांचा डॉक्टर आहे, वीसेक वर्षं हेच करतोय, आणि माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य आहे "आम्हाला वाटलं वयाचं असेल". चाळिशीच्या आतली माणसंपण हेच म्हणतात! याला थोडा आपला शब्दही जबाबदार आहे. मराठीत संधिवात म्हटलं की सगळं त्यात जातं, आजीचे झिजलेले गुडघे पण संधिवात, युरिक अ‍ॅसिड वाढून सुजलेला अंगठा पण संधिवात आणि हा र्‍हुमॅटॉइड, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, तोपण संधिवात. त्यामुळे शेजारची कोणीतरी सांगते मला पण आहे, मी तेल लावते, आणि माणूस गप्प बसतो. झिजेचा आजार वेगळा. तिथे सकाळचा आखडलेपणा पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटतो, दिवसभर काम केलं की संध्याकाळी दुखतं, आणि हातात असेल तर बहुतेक वेळा नखाजवळचं शेवटचं पेर किंवा अंगठ्याचं मूळ धरतं. र्‍हुमॅटॉइड उलटा वागतो, विश्रांतीने वाढतो, हालचालीने सुटतो, तो बोटांच्या मुळाचे सांधे, मधली पेरं, मनगटं आणि पायाच्या बोटांची मुळं धरतो, शेवटचं पेर सहसा सोडून देतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना येतो. तुमचं ते खडे टोचणं मला तुमच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा महत्त्वाचं वाटलं. पेशंट पायाचं सांगतच नाहीत, चप्पल बदलतात.

आता आत काय चालतं ते बघू, म्हणजे घाई कशाची ते कळेल. सांध्याच्या आतून एक अस्तर असतं, सायनोव्हियम, निरोगी माणसात इतकं पातळ की पेशींचे एक ते तीन थर, बस. र्‍हुमॅटॉइडमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती या अस्तरावर उठते, ते सुजतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात आणि मग ते एखाद्या वेलीसारखं कडेने हाडावर चढायला लागतं. सांध्यात हाडाची एक अरुंद कड असते जिच्यावर कूर्चेचं झाकण नसतं, तिथून ते पहिल्यांदा आत शिरतं आणि हाड कुरतडतं. त्या खाचेला आम्ही इरोजन म्हणतो. एकदा पडलेली इरोजन भरून येत नाही, क्वचित थोडीफार, पण त्या भरवशावर राहायचं नाही. आणि जवळजवळ सगळा घोळ इथेच होतो: दुखणं आणि कुरतडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनकिलर दुखणं थांबवते. कुरतडणं चालू राहतं. तुम्ही "बरं वाटतंय" म्हणत असता आणि आत काम सुरू असतं. म्हणून नॉर्मल एक्सरे ही थांबायची परवानगी नाही, उलट तोच तर चांगला काळ आहे, अजून काही गेलेलं नाही. एक्सरेत दिसायला लागलं म्हणजे उशीर झालाय, आणि ज्यांना दिसायचं त्यातल्या बऱ्याच जणांना ते पहिल्या दोन वर्षांतच दिसायला लागतं.

हे ज्ञान फार जुनं नाही. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव आल्फ्रेड गॅरॉडने १८५९ मध्ये दिलं, पण त्यानंतर शंभरावर वर्षं उपचाराची पद्धत म्हणजे पिरॅमिड. खाली पायाला आराम, शेक, अ‍ॅस्पिरिन, मग दुसरी पेनकिलर, मग तिसरी, आणि हाडं खाल्ली गेलेली दिसली की मग कुठे "भारी" औषधं. माझ्या शिक्षकांच्या पिढीने हेच शिकलं. १९८९ मध्ये विल्स्की आणि हीली या दोन डॉक्टरांनी उघड लिहिलं की हा पिरॅमिड चुकतोय, आजार सुरुवातीलाच दाबायला हवा, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचना त्याच दिशेने आहेत. युरोपची संघटना, यूलार, म्हणते की सांध्याला सूज असलेला माणूस लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुमॅटॉलॉजिस्टने बघावा आणि आजार टिकून राहण्याचा धोका दिसला तर तीन महिन्यांच्या आत मूळ औषध, म्हणजे पेनकिलर नाही तर आजारच दाबणारं, सुरू व्हावं. लक्षात घ्या, घड्याळ पहिल्या सुजेपासून सुरू होतं, रिपोर्ट येईल त्या दिवसापासून नाही. तुमचे नऊ आठवडे गेलेत.

बारा आठवड्यांचा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. नेदरलँड्समधल्या लायडनच्या टीमने २०१० मध्ये सुमारे ६०० पेशंटांचा हिशोब मांडला होता, बारा आठवड्यांच्या आत ज्यांना तज्ज्ञाने पाहिलं आणि ज्यांना नंतर, असे दोन गट. उशिरावाल्यांमध्ये सांध्यांची नासधूस सुमारे १.३ पट वेगाने झाली आणि औषध पूर्ण बंद करून आजार शांत राहण्याची शक्यता बरीच कमी झाली. तेव्हा सुद्धा बारा आठवड्यांत पोचलेले फक्त तिसरा हिस्सा होते. म्हणजे तुम्ही एकट्या उशिराच्या नाही, पण तेराव्या आठवड्यात दार बंद होतं असंही नाही बरं का, कोणी सहा महिन्यांनी आलं तरी मी "आता काय उपयोग" म्हणत नाही. जितकं लवकर तितकं कमी जळलेलं, इतकं सरळ आहे ते.

आता रिपोर्टचं. आरए फॅक्टर हे नावच फसवं आहे, त्यात आरए आहे म्हणून लोकांना वाटतं निगेटिव्ह म्हणजे सुटलो. ही टेस्ट १९४० मध्ये नॉर्वेच्या वालरच्या निरीक्षणातून आली, जुनी आणि उपयोगाची आहे, पण वय झालेल्या निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते, हिपॅटायटिस सी मध्ये येते, दीर्घ इन्फेक्शनमध्ये येते, आणि खऱ्या र्‍हुमॅटॉइडच्या साधारण चार-पाच पेशंटांमागे एकात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (याच आजाराची दुसरी, जास्त नेमकी रक्ततपासणी) दोन्ही निगेटिव्ह असतात. अँटी-सीसीपी तुमची झालेलीच दिसत नाही, ती करून घ्या, ती पॉझिटिव्ह आली तर बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं आणि आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते हेही कळतं. या अँटीबॉडीज लक्षणांच्या कित्येक वर्षं आधीच रक्तात सापडू शकतात, हे रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरून कळलंय. पण तीही निगेटिव्ह आली तरी निदान अडत नाही. २०१० चे जे अमेरिका-युरोपचे मिळून निकष आहेत त्यात दहापैकी सहा गुण लागतात. त्यात दहापेक्षा जास्त सांधे सुजलेले किंवा दाबल्यावर दुखरे असतील आणि त्यात एकतरी लहान सांधा असेल तर एकदम पाच गुण, आणि सहा आठवडे उलटलेत त्याचा एक. झाले सहा! रक्ताचा एकही रिपोर्ट न बघता. अर्थात दुसरा कुठला आजार हे सगळं करत नाहीये ना हे आधी तपासावं लागतं, आणि मोजावं लागतं हाताने, रिपोर्टच्या कागदावर ते नसतं.

हाताने म्हणजे काय ते सांगतो, घरी पण करून बघता येईल. मूठ वळा आणि वरून बघा. बोटांच्या मुळाच्या गाठी आणि त्यांच्यामधल्या खोलगट जागा दिसतात ना, डोंगर आणि खिंडी, सूज असेल तर त्या खिंडी भरून येतात, मूठ वरून सपाट दिसते. मग कोणाला तरी सांगा तुमचा हात हस्तांदोलन करतात तसा धरून चार बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच आवळायला. तसंच पायाच्या बोटांच्या मुळांना. नुसत्या हस्तांदोलनाच्या जोराने जर माणूस "आई गं" म्हणत हात मागे घेत असेल तर मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही. सूज ओळखायला मी एका पेराला चार बोटांत धरतो, दोन बोटं वर-खाली, दोन बाजूंना, आणि एकीकडून दाबलं की दुसरीकडे उचलल्यासारखं लागतं, पाणी भरलेल्या छोट्या फुग्यासारखं लिबलिबीत. झिजेची गाठ दगडासारखी टणक लागते. हा फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही, पण तो कळायला शेकडो हात धरावे लागतात, आणि स्पेशालिस्टकडे जायचं अर्धं कारण तेच आहे. जिथे बोटांना शंका येते तिथे सोनोग्राफी, त्यात डॉपलर लावलं की सुजलेल्या अस्तरातला वाढलेला रक्तप्रवाह लाल ठिपक्यांसारखा दिसतो, एक्सरेच्या कितीतरी आधी.

आणि हो, मी बघितल्यावर र्‍हुमॅटॉइड नाहीये असं निघणंही तितकंच कामाचं आहे. काही व्हायरल तापांनंतर, चिकनगुनिया, पार्व्होव्हायरस, हुबेहूब असं चित्र दिसतं, आणि बऱ्याचदा ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. म्हणून तर निकषांत सहा आठवड्यांची अट. थायरॉइड, सोरायसिसचा सांधेदुखीचा प्रकार (डोक्यात कोंडा समजून दुर्लक्ष केलेला चट्टा, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे), ल्युपस (यात प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उठते), अगदी फायब्रोमायल्जिया (सूज नसताना अंगभर दुखणं), प्रत्येकाचं औषध वेगळं. तरुण बाईत ल्युपस तर मी मुद्दाम शोधतो, त्यासाठी एएनए ही रक्ततपासणी आणि लघवीची साधी तपासणी.

आता तुमची खरी भीती, "मोठ्या गोळ्या". त्याच्याआधी एक प्रयोग सांगतो कारण तज्ज्ञाचं काम नेमकं काय हे त्यातून जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्यातून कळणार नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला ११० पेशंट घेतले, दोन गट केले, २००४ मध्ये निकाल छापून आला, टिकोरा म्हणून ओळखतात त्याला. एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलवायचं, डॉक्टरला वाटेल तसं औषध. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलवायचं, प्रत्येक वेळी सांधे मोजून आजाराचा स्कोर काढायचा, आणि स्कोर ठरलेल्या रेषेच्या वर असला की औषध वाढवायचंच, पेशंट "ठीक आहे हो" म्हणाला तरी. नवं जादूचं औषध कोणालाच नव्हतं, मेथोट्रेक्सेट (या आजाराचं मुख्य औषध), सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन, हीच जुनी मंडळी. दीड वर्षाने आजार शांत झालेले पहिल्या गटात १६ टक्के, दुसऱ्यात ६५ टक्के. औषधं तीच, हिशोब वेगळा! मला कोणी विचारलं की मेथोट्रेक्सेट तर कोणीही लिहू शकतो, तुमच्याकडे कशाला यायचं, तर मी हे सांगतो. लिहू शकतो कोणीही. पण साडेसात मिलिग्रॅमवर सुरू करून दोन वर्षं साडेसातवरच ठेवलेले पेशंट मी दर आठवड्याला बघतो, ना धड उपचार ना धड विना-उपचार. तो डोस आठवड्याला १५ ते २५ मिलिग्रॅमपर्यंत न्यावा लागतो, साधारण काही आठवड्यांत, सोसेल तसा, आणि तीन महिन्यांत काहीच फरक नाही किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही तर औषध बदलायचं किंवा जोडायचं. आम्ही २८ सांधे मोजून काढतो तो डीएएस स्कोर २.६ च्या खाली आला म्हणजे शांत, ५.१ च्या वर म्हणजे आग लागलीय. डायबेटिसवाले साखरेचा आकडा विचारतात तसा तुम्ही या स्कोरचा आकडा विचारत जा. डॉक्टरने चक्क गोंधळून बघितलं तर तेही उत्तरच आहे.

मेथोट्रेक्सेटचं नाव नेटवर टाकलं की कॅन्सर येतो आणि पेशंट रात्री दोनला घाबरून मेसेज करतो. हो, कॅन्सरमध्ये वापरतात, पण तिथे डोस कित्येक पटींनी जास्त, कधी कधी ग्रॅममध्ये. आपल्याकडे आठवड्यातून एकदा, काही मिलिग्रॅम, र्‍हुमॅटॉइडसाठी अमेरिकेत १९८८ पासून मान्यता आहे, म्हणजे ही मान्यता तुमच्या जन्माच्याही आधीची आहे. मळमळ, तोंड येणं, दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटणं, हे होतं, फॉलिक अ‍ॅसिडने बरंच आवरतं. लिव्हर, रक्तपेशी, किडनीच्या टेस्ट सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी. दारू जवळजवळ नाहीच. सगळ्यात मोठा धोका औषधाचा नाही, घेताना होणाऱ्या चुकीचा आहे: आठवड्यातून एकदा ऐवजी रोज घेणं. यात माणसं दगावली आहेत. म्हणून मी कागदावर वार लिहितो, "फक्त रविवारी" असा, "आठवड्यातून एकदा" लिहून सोडत नाही, आणि पेशंटकडून तोंडाने वदवून घेतो. दम लागून कोरडा खोकला आला तर गोळी थांबवून लगेच फोन. बस, एवढी शिस्त पाळली तर मी यापेक्षा जास्त घाबरतो ते महिनोन्महिने खाल्लेल्या पेनकिलरांना, ज्यांनी पोटात अल्सर आणि किडनीचं वाटोळं झालेलं मी जास्त पाहिलंय.

गंमत म्हणजे ज्या गोळ्यांना कोणीच घाबरत नाही त्यांना घाबरायला हवं. स्टिरॉइड. त्याची गोष्ट फार छान सुरू होते, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी बघितलं होतं की र्‍हुमॅटॉइडच्या बायका गरोदरपणात सुधारतात आणि कावीळ झाली तरी पेशंट सुधारतात, म्हणजे शरीरात काहीतरी असं आहे जे हा आजार दाबतं. शोधत शोधत २१ सप्टेंबर १९४८ ला त्यांनी एका २९ वर्षांच्या, जवळपास अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. आणि मग हळूहळू कळलं की याची किंमत काय, हाडं ठिसूळ, साखर, मोतीबिंदू, इन्फेक्शन, गोल चेहरा. आज आम्ही स्टिरॉइड वापरतो, जरूर वापरतो, पण पुलासारखं, मेथोट्रेक्सेटला असर दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात तेवढा काळ निभवायला, कमीत कमी डोसमध्ये आणि शक्यतो तीन महिन्यांत बंद.

माझ्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या, अडीच वर्षं एका बारीक पांढऱ्या गोळीवर. कोणी दिली, कुठून मिळाली ते सोडा, त्यांनाही नाव माहीत नव्हतं, त्या तिला "जादूची गोळी" म्हणायच्या. गोळी घेतली की कात्री चालायची, चुकली की हात उचलत नव्हता. आल्या तेव्हा दुखणं फारसं नव्हतंच, तक्रार वेगळी होती, सुईत दोरा ओवला जात नाही. मी हात टेबलावर ठेवायला सांगितले तर चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, मनगटाचा एक्सरे बघितला तर जिथे आठ छोटी हाडं वेगवेगळी दिसायला हवीत तिथे एकच ढीग. त्यांचा आजार पुढे आम्ही शांत केला, स्कोर आज उत्तम आहे. दोरा मुलगी ओवून देते. त्याच महिन्यात त्याच वयाच्या दुसऱ्या बाई सातव्या आठवड्यात आल्या होत्या, नेमकी उलट परिस्थिती, दुखून रडत होत्या, ब्लाउजचं हुक लागत नव्हतं, सगळ्या सांध्यांना सूज. सहा वर्षं झाली, एक्सरे आजही कोरा. वेदनेने कोण जास्त आजारी आहे ते ठरवलं असतं तर दोघींची अदलाबदल झाली असती.

हा आजार फक्त सांध्यांचा नाही हे पटकन सांगून टाकतो. दाबला नाही तर हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट, फुप्फुसं, डोळे, हाडं, सगळीकडे हात पोचतात याचे. सिगारेट ओढत असाल तर आजच बंद करा, सिगारेट हा आजार आणते पण आणि औषधांना दाद देऊ देत नाही पण. हिरड्या सुजलेल्या असतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा, त्याचाही संबंध आहे.

मेथोट्रेक्सेट आणि साथीदार पुरले नाहीत तर प्रतिकारशक्तीतला एखादाच धागा अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, १९९८-९९ पासून आली, शिवाय आता तसंच काम करणाऱ्या जॅक इनहिबिटर गोळ्या. त्याच्याआधी टीबी आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या कराव्याच लागतात कारण दडून बसलेला टीबी उठू शकतो, कोणी न तपासता सुरू करत असेल तर थांबवा आणि विचारा. लवकर सुरुवात केलेल्यांपैकी पुष्कळांना इथपर्यंत यावंच लागत नाही, हाही लवकर जाण्याचा एक फायदा समजा. आणि "आयुष्यभर" चं म्हणाल तर खोटं बोलत नाही, बहुतेकांना काही ना काही औषध चालू ठेवावं लागतं. पण किमान सहा महिने सलग शांत राहिलं की आधी स्टिरॉइड बंद झालेलंच असतं, मग बाकीचे डोस हळूहळू उतरवता येतात, आणि थोड्या लोकांचं सगळंच सुटतं. त्या थोड्यांमध्ये लवकर आलेले जास्त असतात.

अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, रुमॅटॉलॉजिस्ट सगळीकडेच कमी आहेत. तर तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठीत "सांधेदुखी" एवढंच लिहू देऊ नका, त्यांना विनंती करा की असं लिहा: दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज, ९ आठवडे, सकाळचा आखडलेपणा एक तासाच्या वर. अशी चिठ्ठी आमच्याकडे आली की रिसेप्शनवरची मुलगी पण ओळखते आणि नंबर वर घेते. तोपर्यंत सुजलेल्या बोटांचे फोटो काढा, सकाळचे, कारण आमच्याकडे दुपारी येईपर्यंत निम्मी सूज उतरलेली असते आणि मग पेशंट कसंनुसं होऊन म्हणतो "आत्ता नाहीये हो". सूज कधी सुरू झाली ती तारीख आठवून लिहा. सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), अँटी-सीसीपी, लिव्हर-किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्सरे आणि हातांबरोबर पायांचाही एक्सरे, हे आधी झालं तर पहिल्याच भेटीत औषध सुरू होतं. पायांचा कोणी काढत नाही, आणि पहिली इरोजन बऱ्याचदा पायाच्या करंगळीच्या मुळाशीच सापडते. स्टिरॉइड मात्र त्या भेटीआधी कोणी देत असेल तर शक्यतो घेऊ नका, सूज उतरते, सीआरपी उतरतो आणि आम्ही आंधळे होतो, घ्यावंच लागलं तर नाव आणि डोस जपून ठेवा. आणि एक सांधा अचानक लालबुंद, गरम झाला, ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, तो सांध्यातला पू असू शकतो.

उलट कोणाला इतकी धावपळ करायची गरज नाही तेही सांगतो नाहीतर उद्या सगळे रांगेत. नुसतं दुखतंय, सूज कधीच नाही, आखडणं दहा मिनिटांत जातं, जिने चढताना गुडघा कुरकुरतो, टायपिंग करून अंगठा दुखतो, तर तुमचे नेहमीचे डॉक्टर पुरेसे आहेत.

राहिलं मुलाचं. हे पहिल्याच भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत सांगा, विचारायची वाट बघू नका. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते चालू असताना गर्भनिरोधक हवंच आणि दिवस राहायच्या आधी एक ते तीन महिने बंद करावं लागतं. लेफ्लुनोमाइड हे याच आजाराचं आणखी एक औषध तुम्हाला मी तरी देणार नाही, ते शरीरातून जायला फार वेळ घेतं, धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतं, सल्फासॅलाझिन फॉलिक अ‍ॅसिडबरोबर चालतं, काही बायोलॉजिकही चालतात, त्यामुळे "मूल हवंय म्हणून उपचार नको" हा हिशोब चुकीचा आहे, आजार पेटलेला असताना दिवस राहायलाही उशीर लागतो आणि गरोदरपणही अवघड जातं. मी साधारण असं करतो की आधी सहा महिने जोर लावून आजार शांत करायचा, मग सुरक्षित औषधांवर आणायचं, तसंच काही महिने टिकतंय ना बघायचं आणि मग हिरवा कंदील. तुमच्या पुढच्या वर्षात हे बसतं, पण आता सुरू केलं तर. हेंचने बघितलं होतं तसं गरोदरपणात बऱ्याच जणींना आराम पडतो, बाळंतपणानंतर मात्र आजार परत उसळी मारतो, अगदी बाळाला उचलायच्या दिवसांत, म्हणून बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्याची आमची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवायची.

आणि बोटात अंगठी असेल तर आज रात्री नाही, उद्या दुपारी, सूज कमी असेल तेव्हा, साबण लावून काढून ठेवा. मागच्या महिन्यात दोघींच्या कापाव्या लागल्या.